सरडगुहिरा : रूप, रंग आणि वर्तन

ग्रामीण शाळेतील कोणत्याही मुलास 'रंग बदलणारा प्राणी कोणता?' असा प्रश्न केला असता 'सरडा' हे उत्तर तत्काळ मिळते. 'तो रंग का बदलतो?' असा दुसरा प्रश्न केला की 'लपण्यासाठी' किंवा 'फसविण्यासाठी' असे उत्तर येते. वारंवार मत बदलणाऱ्या मनुष्यास सरड्याची उपमा देण्याची मराठी भाषेत रूढीच आहे. त्यामुळे या प्राण्याविषयीची माहिती मुलाच्या मनात शिरण्यापूर्वीच त्याच्याविषयीचा तिटकारा तेथे शिरलेला असतो. पुढे बांधावर अथवा रानवाटेवर तो दृष्टीस पडला म्हणजे प्रथम हाती दगड येतो आणि निरीक्षणाची संधी कायमची नाहीशी होते.

वास्तविक, रंगपालटाविषयी ज्याची जगभर प्रसिद्धी आहे तो प्राणी म्हणजे कुंपणावर प्रतिदिनी दिसणारा सरडा नव्हे. तो सरडगुहिरा होय. त्याचा रंगपालटही मुख्यत्वेकरून फसविण्यासाठी नसतो. सरडगुहिरा हा पूर्णतया निरुपद्रवी असून त्याची देहरचना निसर्गपाठाच्या दृष्टीने विलक्षण बोधप्रद आहे. पाहिल्यावाचून बोलू नये आणि जाणल्यावाचून मारू नये, ही शिकवण देण्यास त्याच्याइतका योग्य विषय गावाच्या शिवारात क्वचितच सापडेल. शिक्षकांस पाठाची तयारी करताना उपयोगी पडावी अशी माहिती पुढे क्रमाने दिली आहे.

१. नाव आणि ओळख

'सरडा' हा शब्द संस्कृतातील 'सरट' या शब्दापासून आला आहे. संस्कृतात 'कृकलास' असाही एक शब्द असून नृगराजाला कृकलासाचा जन्म आल्याची पुराणकथा अनेक मुलांनी घरी ऐकलेली असते. मराठीत प्रस्तुत प्राण्यास 'सरडगुहिरा' म्हणतात. काही भागांत 'घोयरा' किंवा 'घोयरा सरडा' असेही नाव आहे. मुले जे नाव घरी वापरतात ते फळ्यावर प्रथम लिहावे व त्याच्या शेजारी 'सरडगुहिरा' हे नाव द्यावे. स्थानिक नाव चुकीचे आहे असे सांगण्याचे काही कारण नाही.

इंग्रजीत या गटातील प्राण्यांस शॅमेलिऑन म्हणतात. जगात त्यांच्या दोनशेहून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी जवळजवळ निम्म्या आफ्रिकेच्या पूर्वेस असलेल्या मादागास्कर बेटावर आढळतात. भारतात मात्र या गटाची एकच जात आहे. तिचे शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेलॅनिकस असून लॉरेंटी या शास्त्रज्ञाने १७६८ साली ते दिले. 'झेलॅनिकस' म्हणजे सिलोनचा, अर्थात श्रीलंकेचा. ही जात श्रीलंकेत, भारतीय द्वीपकल्पात आणि पाकिस्तानच्या सिंध प्रांतात आढळते. महाराष्ट्रात पानझडीची रानेवने, झुडपी माळ, शेताचे बांध व कुंपणे अशा ठिकाणी तिचा वास असतो. तथापि ती सहसा दृष्टीस पडत नाही.

नेहमीचा सरडा व सरडगुहिरा यांतील भेद मुलांस प्रथम स्पष्ट करून द्यावा. नेहमीचा सरडा चपळ असतो. चाहूल लागताच तो झरझर पळतो. त्याची शेपूट चाबकासारखी लांब व निमुळती असून ती कशासही वेटोळे घालीत नाही. त्याच्या मानेवर काट्यांची तुरेवजा रांग असते, कानाची छिद्रे स्पष्ट दिसतात व पायांची बोटे सुटी असतात. विणीच्या काळात नराचे डोके व गळा लाल होतो आणि तो उंचवट्यावर बसून मान डोलावतो. हे पाहूनच गावोगावची मुले त्यास 'रंग बदलणारा' म्हणतात, व ते सर्वथा खोटेही नाही. परंतु सरडगुहिऱ्याची चाल, डोळे, जीभ, पाय आणि शेपूट ही सर्वच त्याच्याहून भिन्न आहेत. हा भेद समजला की पुढील पाठ सुगम होतो.

२. बाह्य रूप

पूर्ण वाढ झालेल्या सरडगुहिऱ्याचे डोके व धड मिळून सुमारे एक वीतभर भरते आणि शेपूट जवळजवळ तितकीच किंवा किंचित अधिक लांब असते. अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते. झाडाचे पान उभे धरावे तसे ते दिसते. समोरून पाहिल्यास तो अगदी अरुंद, तर बाजूने पाहिल्यास रुंद भासतो. डोक्याच्या मागील भाग शिरस्त्राणाप्रमाणे उंचावलेला असतो. पाठीच्या कण्यावर व हनुवटीपासून पोटाखालपर्यंत बारीक दातेरी रेघ असते. कातडीवर माशाप्रमाणे एकावर एक चढलेले खवले नसून बारीक दाण्यांसारखे कण असतात. कानाचे छिद्र बाहेरून दिसत नाही.

पायांची रचना मुलांस विशेष लक्षपूर्वक पाहावयास सांगावी. प्रत्येक पायास पाच बोटे असली तरी ती दोन जुडग्यांत जोडलेली असतात. पुढील पायात आतील बाजूस तीन व बाहेरील बाजूस दोन, तर मागील पायात आतील बाजूस दोन व बाहेरील बाजूस तीन अशी त्यांची वाटणी असते. त्यामुळे प्रत्येक पाऊल सांडशीसारखे बनते व बारीक फांदीही त्यात घट्ट पकडली जाते. शेपूट ही जणू पाचवा पायच होय. फांदीस तिचा विळखा घालून तो तोल सांभाळतो आणि एका फांदीवरून दुसरीवर जाताना पुढचे पाय अधांतरी सोडूनही पडत नाही. पालीची शेपूट तुटते व पुन्हा वाढते. सरडगुहिऱ्याची शेपूट तशी तुटून पडत नाही. ज्या अवयवावर सारा भार टाकावयाचा तो सहज तुटणारा असून कसे चालेल, हा विचार मुलांकडूनच काढून घ्यावा.

३. डोळे

सरडगुहिऱ्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस लहान शंकूंप्रमाणे पुढे आलेले असतात. वरची व खालची पापणी एकमेकींस जोडलेली असून मध्यभागी बाहुलीपुरतेच बारीक छिद्र असते. डोळा फिरला की त्याबरोबर हा सारा शंकूच फिरतो. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे हलू शकतात. एक डोळा पुढे पाहत असता दुसरा मागे किंवा वर पाहू शकतो. त्यामुळे मान न हलविता त्यास जवळजवळ सभोवार दिसते. जो प्राणी धावू शकत नाही त्यास ही सोय किती मोलाची आहे हे सांगावयास नको.

भक्ष्य दिसले की मात्र दोन्ही डोळे त्याच्यावर स्थिर होतात. भक्ष्याचे अंतर तो कसे ओळखतो याविषयी १९७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शॅमेलिऑनच्या डोळ्यांपुढे चष्म्याची भिंगे बसविली असता त्याची जीभ चुकीच्या अंतरावर पडू लागली. यावरून डोळ्यातील भिंगाचा नेम बसविताना जे कमीअधिक करावे लागते त्यावरूनच त्यास अंतराचा अंदाज येतो, असे सिद्ध झाले. मुलांनी हाताचे बोट नाकाजवळ आणून मग दूर नेऊन पाहिल्यास डोळ्यास नेम बसविण्यासाठी पडणारा ताण त्यांस स्वतः अनुभवता येईल.

४. जीभ

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने शॅमेलिऑन केवळ हवेवर जगतो असे लिहून ठेवले, व ती समजूत शेकडो वर्षे टिकली. ती होण्याचे कारण उघड आहे. हा प्राणी तासन्‌तास निश्चल बसतो, आणि खातो तेव्हा ती क्रिया डोळ्याचे पाते लवण्यापूर्वीच आटोपते.

सरडगुहिऱ्याची जीभ पूर्ण बाहेर पडली असता शेपूट वगळून उरलेल्या शरीराच्या लांबीइतकी किंवा तिच्याहूनही अधिक लांब होते. एरवी ती घशाच्या तळाशी असलेल्या एका निमुळत्या हाडावर मोज्याप्रमाणे चुण्या पडून गोळा झालेली असते. इतकी मोठी जीभ एवढ्या त्वरेने केवळ स्नायूंच्या बळावर फेकणे शक्य नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा उलगडा झाला. हाड व स्नायू यांच्यामध्ये लवचिक धाग्यांची आवरणे असतात. स्नायू प्रथम ही आवरणे सावकाश ताणून ठेवतो आणि मग ती एकाएकी मोकळी होताच जीभ बाणासारखी सुटते. बेचकीचे रबर हात सावकाश ताणतो, परंतु सुटलेला खडा हाताच्या वेगाहून किती तरी अधिक वेगाने जातो, हे मुलांस ठाऊक असते. येथेही तेच तत्त्व आहे.

या रचनेचा आणखी एक लाभ आहे. थंडीत सरपटणाऱ्या प्राण्यांचे स्नायू मंद पडतात. परंतु ताणलेले रबर थंडीतही जवळजवळ तितक्याच जोराने सुटते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शॅमेलिऑनची जीभ १५ अंश सेल्सिअस इतक्या तापमानातही जोराने बाहेर पडते, मात्र ती परत ओढून घेण्याची क्रिया पुष्कळच मंदावते, असे दिसून आले. बाहेर फेकणे हे लवचिक आवरणांचे काम असून परत ओढणे हे केवळ स्नायूंचे काम आहे, यावरून या भेदाचे कारण ध्यानी येईल.

जिभेचे टोक मांसल व खोलगट असून त्यावर अत्यंत घट्ट चिकट स्राव असतो. मनुष्याच्या लाळेपेक्षा तो सुमारे ४०० पट दाट असतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. टोळ, नाकतोडे, माश्या, फुलपाखरे व अन्य कीटक हे सरडगुहिऱ्याचे खाद्य होय. पाणी तो पानांवरील दवाचे किंवा पावसाचे थेंब चाटून पितो.

५. रंग

रंगपालटाच्या बाबतीत सर्वांत अधिक गैरसमज आहेत. सबब या भागासाठी पाठात पुरेसा वेळ ठेवावा. लाल कापडावर ठेवला तर तो लाल होतो, निळ्यावर ठेवला तर निळा होतो, ही समजूत चुकीची आहे. भारतीय सरडगुहिरा सामान्यतः हिरवा, पिवळट किंवा तपकिरी असतो व त्याच्या अंगावर गडद पट्टे किंवा ठिपके असतात. याच मर्यादेत त्याच्या छटा फिकट, गडद अथवा अधिक उठावदार होतात. त्याचा मूळचा हिरवट-तपकिरी वर्ण पानाफांद्यांत लपण्यास उपयोगी पडतो यात संशय नाही. परंतु त्या वर्णात बदल होतो तो प्रामुख्याने दोन कारणांनी.

पहिले कारण उष्णतेचे आहे. सरडगुहिऱ्याचे रक्त सभोवतालच्या हवामानाप्रमाणे थंड किंवा उष्ण होते. सकाळी अंग गारठलेले असता तो आपली बाजू सूर्याकडे करून गडद होतो, म्हणजे ऊन अधिक शोषले जाते; ऊन वाढल्यावर तो पुन्हा फिकट होतो. याची प्रचीती वर्गात सहज आणून देता येते. सारख्या आकाराचे दोन पत्र्याचे डबे घेऊन एकास बाहेरून काजळी व दुसऱ्यास चुना लावावा. दोन्हींत समान पाणी भरून ते तासभर उन्हात ठेवावेत. काळ्या डब्यातील पाणी अधिक तापल्याचे मुलांच्या हातांस कळेल.

दुसरे कारण परस्परांशी होणाऱ्या व्यवहाराचे आहे. सरडगुहिरा एकटा राहणारा प्राणी आहे. दुसरा नर समोर आला की तो अंग फुगवितो, बाजू दाखवितो व त्याच्या अंगावरील रंग उठून दिसू लागतात. शॅमेलिऑनच्या अनेक जातींत मादी नराविषयीची अनुकूलता किंवा नापसंती रंगानेच कळविते. दक्षिण आफ्रिकेतील बुटक्या शॅमेलिऑनच्या विविध जातींचा तौलनिक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या जाती विविधरंगी परिसरात राहतात त्याच अधिक रंग बदलतात, असे त्यात आढळले नाही. ज्या जातींचे परस्परांस दाखवावयाचे रंग अधिक ठळक आहेत, त्यांच्याच अंगी रंग बदलण्याचे सामर्थ्य अधिक आढळले. थोडक्यात, रंग ही या मुक्या प्राण्याची भाषा होय. जी भाषा स्वजातीयांस उघडपणे काही सांगण्यासाठी आहे तीस मनुष्याने कपटाचे लक्षण ठरवावे, हा त्या प्राण्यावर अन्यायच म्हटला पाहिजे.

आता हा बदल घडतो कसा, ते पाहू गेल्यास कातडीत निरनिराळ्या पेशींचे थर असल्याचे दिसते. काही पेशींत पिवळे रंगद्रव्य असते. काहींत काळसर द्रव्य असते. ते पेशीत सर्वत्र पसरले की अंग गडद दिसते व एका जागी गोळा झाले की फिकट दिसते. यांखेरीज एका थरातील पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी मादागास्करमधील एका जातीवर केलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या स्फटिकांचे कार्य प्रकाशात आणले. प्राणी शांत असता स्फटिक एकमेकांच्या निकट असतात व त्यांवरून निळा प्रकाश परावर्तित होतो. वरच्या पिवळ्या द्रव्यातून तो हिरवा दिसतो. प्राणी उत्तेजित झाला की स्फटिकांमधील अंतर वाढते व पिवळा किंवा तांबूस प्रकाश परावर्तित होऊ लागतो. साबणाच्या फुग्यात कोणताही रंग कालविलेला नसतो, तरी त्यावर इंद्रधनुष्याचे रंग खेळतात. मोराच्या पिसाचा निळा रंगही अशाच सूक्ष्म रचनेमुळे दिसतो. ही दोन उदाहरणे दिल्यास वरच्या इयत्तांतील मुलांस रंगद्रव्याचा रंग व रचनेचा रंग यांतील भेद कळेल.

६. चाल व स्वसंरक्षण

सरडगुहिऱ्याची चाल अत्यंत सावकाश असते. एक पाऊल उचलून तो ते पुढेमागे झुलवितो आणि मग टेकतो. सारे अंगही त्याबरोबर डोलते. वाऱ्याने पान हलावे तसा तो भासतो व त्यामुळे सहज ओळखू येत नाही. माणूस जवळ आला की तो हळूच फांदीच्या पलीकडच्या बाजूस सरकतो आणि चपट्या अंगामुळे जवळजवळ दिसेनासा होतो. रात्री तो फांदीच्या टोकाकडे झोपतो; त्या वेळी त्याचा रंग फिकट असतो.

पळून जाता येत नाही असे दिसले की तो फुप्फुसांत हवा भरून अंग फुगवितो, तोंड वासतो व फुत्कार टाकतो. त्याचे हे रूप पाहून माणसे भितात. परंतु ते केवळ भेडसावणे आहे. त्याच्या तोंडी विष नाही, फुत्कारात विष नाही आणि अंगावरही विष नाही. हातात धरून त्रास दिल्यास तो चावण्याचा प्रयत्न करील, पण त्याचा दंश घातक नसतो. किंबहुना भारतात आढळणारा कोणताही सरडा, पाल अथवा घोरपड विषारी नाही. हे विधान मुलांकडून स्पष्ट शब्दांत म्हणवून घ्यावे, कारण या प्राण्यांच्या हत्येचे मूळ बहुतांशी विषाच्या भीतीतच असते.

७. प्रजनन व त्या काळातील संकट

सरडगुहिऱ्याचे आयुष्य बहुतेक झाडाझुडपांवर जाते. परंतु मादीस अंडी घालण्यासाठी भुईवर उतरावेच लागते. पावसाळा सरत आला की ती मऊ व ओलसर जमीन शोधते, पायांनी बीळ उकरते, त्यात अंडी घालते आणि ते मातीने बुजवून निघून जाते. एका खेपेस दोन डझनांच्या आसपास अंडी असू शकतात. अंडी उबविण्याचे काम जमिनीची ऊब करते व त्यास काही महिने लागतात. बाहेर पडलेली पिले पहिल्या दिवसापासून स्वतःचे भक्ष्य स्वतः मिळवितात. त्यांस आईबापांचे साह्य नसते.

या प्राण्यास सर्वाधिक धोका याच काळात असतो. फांदीवर जी चाल त्याचे रक्षण करते, तीच चाल पायवाटेवर किंवा डांबरी रस्त्यावर त्याचा घात करते. वाहन आले तरी तो धावू शकत नाही. कुत्रे आले तरी निसटू शकत नाही. आणि माणूस आला तर फुगून, तोंड वासून उभा राहतो व त्यामुळेच मारला जातो. भाद्रपद-आश्विनात वाटेवर सापडलेला सरडगुहिरा ही अंडी घालावयास निघालेली मादी असण्याचा संभव असतो. तिच्यावर पडलेला एक दगड एका जिवाचा नव्हे, तर वीस-पंचवीस जिवांचा नाश करतो. हे गणित लहान मुलांसही कळते, व एकदा कळले की ते विसरत नाहीत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या प्राण्यास संरक्षण दिलेले आहे. त्यास मारणे, पकडणे, घरी बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. यास्तव पाठासाठीसुद्धा जिवंत सरडगुहिरा पकडून वर्गात आणू नये व मुलांस आणावयास सांगू नये. वाटेवर तो आढळल्यास त्याच्यापुढे एक लांब काठी आडवी धरावी. बहुधा तो आपण होऊन तीवर चढतो. मग ज्या बाजूस तो निघाला होता त्याच बाजूच्या झुडपाजवळ काठी टेकवावी. तो जखमी असल्यास जवळच्या वनरक्षकास कळवावे.

८. पाठाची मांडणी

हा पाठ शक्यतो भाद्रपदात घ्यावा, म्हणजे ज्ञानाचा उपयोग तत्काळ होईल. दोन तासिका पुरेशा आहेत.

पहिल्या तासिकेत मुलांचे पूर्वज्ञान जाणून घ्यावे. 'सरडा' व 'सरडगुहिरा' असे दोन रकाने फळ्यावर आखून शेपूट, पाय, डोळे, कान, चाल व रंग या सहा मुद्द्यांवर भेद लिहावा. सरडगुहिऱ्याचे चित्र बाजूने काढावे: प्रथम उभ्या पानाचा आकार, मग डोक्याचा उंचवटा, शंकूसारखा डोळा, जोडलेली बोटे व अखेरीस फांदीस विळखा घातलेली शेपूट. मुलांनी अंगठा एकीकडे व चार बोटे एकीकडे करून खडू धरावा, म्हणजे त्याच्या पावलाची पकड त्यांस उमगेल.

दुसऱ्या तासिकेत काळ्या-पांढऱ्या डब्यांचा प्रयोग करून रंगाचा भाग समजावून द्यावा व शेवटी गैरसमजांची चर्चा करावी. मुलांनी घरी ऐकलेल्या समजुती त्यांस मोकळेपणी सांगू द्याव्यात. त्यांची थट्टा करू नये. प्रत्येक समजुतीपुढे 'हे कोणी पाहिले? कसे पाहिले?' एवढाच प्रश्न ठेवावा. प्लिनीसारखा विद्वानही नीट न पाहिल्यामुळे चुकला, हे सांगितल्यास वडीलधाऱ्यांचा अवमान झाल्याची भावना मुलांच्या मनात येणार नाही.

पुढील प्रश्न उजळणीसाठी घेता येतील :

(१) सरडगुहिऱ्यास धावता येत नाही, तर त्यास अन्न कसे मिळते?
(२) त्याची शेपूट पालीप्रमाणे तुटत नाही, हे त्याच्या हिताचे का आहे?
(३) गारठलेल्या सकाळी त्याचा रंग गडद का होतो?
(४) थंडीतही त्याची जीभ वेगाने सुटते, याचे कारण काय?
(५) तो तोंड वासून फुत्कार टाकतो, तेव्हा त्याच्या मनात राग असतो की भीती?
(६) पावसाळा सरताना तो जमिनीवर का दिसतो?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी विचार करून द्यावे, अशी अपेक्षा आहे. ते घाईने सांगून टाकू नये.

गृहपाठ म्हणून एक निरीक्षणवही ठेवण्यास सांगावे. सरडगुहिरा न दिसल्यास नेहमीच्या सरड्याचे निरीक्षणही चालेल. दिवस, वेळ, ऊन की सावली, जागा, अंगाचा रंग व हालचाल इतक्या नोंदी पुरेत. निरीक्षण दहा पावलांच्या अंतरावरून करावे व प्राण्यास हात लावू नये. महिनाभरानंतर सर्वांच्या नोंदी एकत्र करून सकाळचा व दुपारचा रंग यांत काही फरक आढळतो का, हे वर्गाने मिळून ठरवावे. निष्कर्ष अल्प असला तरी तो मुलांनी स्वतः काढलेला असेल, व त्याचे मोल पुस्तकातील दहा वाक्यांहून अधिक राहील.

९. समारोप

सरडगुहिरा शेताबांधावरचे कीटक खाऊन राहतो, कोणास इजा करीत नाही आणि धोका दिसला तर पळूही शकत नाही. त्याचे रक्षण कायद्याने होते, परंतु कायद्याचा रक्षक प्रत्येक बांधावर उभा नसतो. शाळेत जाणारे मूल मात्र प्रत्येक बांधावरून जात असते. ज्या मुलास त्या फुगलेल्या अंगामागील भीती आणि त्या बदलत्या रंगामागील अर्थ कळला, त्याच्या हातातील दगड आपोआप खाली पडेल, आणि घरच्या मोठ्या माणसांसही ते दोन शब्द सांगेल. वर्षातून एका वर्गात दोन तासिका एवढाच यासाठी खर्च आहे. तेवढ्यात एखादी मादी वाट ओलांडून सुखरूप पोहोचली, तरी पाठ सफल झाला असे समजावे.